रादमिलावहिनीचा अठ्ठावीस जून

२७ जून २००९. सकाळपासून गिरणीच्या दगडाला टाकी लावत बसले होते. पावसाळ्यात हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. गिऱ्हाईक कमी असतं, पट्टा उतरवलेला असतो, आणि छिन्नी-हातोडीच्या आवाजात सहसा कुणी गप्पा मारायला येत नाही. तरी मोरूदादा आला. छत्री मिटून दारातच उभा राहिला.

"सुमन, उद्या गाड्या येनार हाईत. सकाळी सातला. तुजी स्कुटी वाटंवर लावू नको."

"उद्या अठ्ठावीस आहे," मी म्हणाले.

"म्हनून तर सांगाला आलू. आता वहिनी न्हाय. आता कसला अठ्ठावीस?"

मी हातोडी खाली ठेवली नाही. तो छत्री उघडून गेला. मोरूदादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तो बऱ्याचदा ओरडताना दिसेल.

आमच्या भिवंडीजवळच्या राहनाळला माझ्या गिरणीसमोर त्यांचं अंगण आहे. दोघा भावांचं सामाईक. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला थोरल्या भावाचा, म्हणजे हरेश्वरदादाचा लूमचा कारखाना होता. मागच्या शेतात मोरूदादाने गोडाऊन बांधलं आणि भाड्याने दिलं. गोडाऊनला जायला अंगणातूनच वाट. वर्षभर त्या वाटेने कंटेनर जातात. फक्त अठ्ठावीस जूनला जात नाहीत. म्हणजे जात नव्हते. ते ज्या बाईमुळे जात नव्हते, ती हरेश्वरदादाची बायको, रादमिलावहिनी.

हरेश्वरदादाला तरुणपणी कुठल्या तरी योजनेत कापडाच्या मशिनरीचं शिक्षण घ्यायला युगोस्लाव्हियाला पाठवलं होतं. तो परत आला तो बायको घेऊन. ती सर्बियातल्या एका गिरणीत कापड तपासायच्या टेबलावर कामाला होती. मी तेव्हा शाळेत होते. सगळं गाव बघायला गेलं, मीही गेले. उंच, रुंद खांद्यांची बाई, पिवळे केस, आणि बघणाऱ्यांकडे ती आमच्यापेक्षा जास्त रोखून बघत होती. निम्मी माणसं लाजून परत आली.

सासूने तिचं नाव राधा ठेवलं. रेशन कार्डावर राधाच लागलं. पण राधा म्हणून हाक मारली की वहिनी वळून बघायची नाही. भाकरी करपू दे, दूध उतू जाऊ दे, राधा या घरात राहतच नाही असं तिचं वागणं. शेवटी म्हातारी थकली आणि रादमिला म्हणायला शिकली. त्यानंतर मात्र दोघींचं असं जमलं की म्हातारीची भाषा वहिनीने जशीच्या तशी उचलली. हाय, न्हाय, कवा, तवा, सगळं. डोळे मिटून ऐकलं तर आगरी म्हातारी, उघडून बघितलं तर मेमसाहेब. बोंबील साफ करताना तिचा हात आमच्यापेक्षा जलद चालायचा आणि जवळा ती कच्चा कांदा घालून खायची.

फक्त एक शब्द ती कधी शिकली नाही. चालेल. आपल्याकडे तेवढ्या एका शब्दावर निम्मा व्यवहार चालतो. प्लंबरने नळ वाकडा बसवला, चालेल. शिंप्याने बाही आखूड शिवली, चालेल. वहिनी कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "चालनार न्हाय." शांतपणे, एकदाच. मग समोरचा ते काम पुन्हा करेपर्यंत तिथून हलायची नाही. माझ्या गिरणीत तिचा डबा आला की पीठ बारीक पडावं म्हणून मी आपोआप दगड जरा आवळून घ्यायची.

घरात गाऊन आणि त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, हा तिचा पोशाख. दर शनिवारी ती गाद्या अंगणात काढून काठीने बडवायची, आणि नेमकी आम्ही जेवायला बसायच्या वेळी. कुणाची मुर्वत नाही. माझ्या नवऱ्याला पिठाने शिंका येतात, म्हणून वडलांची गिरणी लग्नानंतरही मीच चालवते. त्याला ती तोंडावर म्हणाली, "तुला पिठानं शिंका येत न्हाईत. बायको कमावती म्हनून येतात." नवरा दोन दिवस शिंकला नाही.

मूलबाळ नव्हतं. मधल्या काळात तिकडे युद्ध झालं, तिचा भाऊ त्यात गेला, आणि तिला जाता आलं नाही. विमानं बंद होती. नंतर तर पासपोर्टवर ज्या देशाचं नाव होतं तो देशच उरला नाही. गावातल्या बायका समाचाराला गेल्या तर म्हणाली, "देश गेला. दिवस हाय ना." आम्हाला काही कळलं नाही. तो कुठला दिवस, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तेही मटणाच्या दुकानात.

हरेश्वरदादा गेला ते २००२ साल. छाती कापसाच्या धुळीने भरली होती. मार्चमध्ये गेला. जूनच्या सत्तावीसला दुपारी वहिनी पातेलं घेऊन आली. मी झाकण काढलं तर आत शिजवलेले गहू. निथळून, फडक्यावर कोरडे केलेले, पण शिजवलेले.

"दळून दे," ती म्हणाली.

"वहिनी, हे दगडात घातलं तर लगदा होईल. उद्या अख्खी गिरणी उघडून खरवडत बसावं लागेल मला."

"मग खरवड."

"नाही घालणार."

गावात तिला नाही म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं आता ही हलणार नाही. पण गिरणीकडे तिने एकदा बघितलं, आणि माझं म्हणणं बरोबर आहे हे तिला पटलं. मशीनच्या बाबतीत ती वाद घालायची नाही. "घरी हातानं फिरवायचं मशीन व्हतं," ती म्हणाली. "मी तिकडून आनलेलं. त्येचा पाता मोडला. दरवर्षी हरेश्वर फिरवायचा." मग थोडं थांबून, "सुमन, तुमच्याकडं खिमा कोन करतो?"

मी गार पडले. पण तिने पातेलं उचललंच होतं, म्हणून स्कुटी काढली आणि तिला नाक्यावर रफीकभाईच्या दुकानात नेलं. रफीकभाई मटणवाले. त्यांनी पातेल्यात बघितलं, मग वहिनीकडे बघितलं.

"भाभी, ये तो गेहूँ है."

"मशीन गरम पानी से धोओ. दो बार. फिर डालो."

धुताधुता त्यांनी विचारलं, कशासाठी. वहिनीने सांगितलं ते मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्याकडे अठ्ठावीस जूनला विदोव्दान. सहाशे वर्षांपूर्वी त्या दिवशी मोठी लढाई झाली, त्यांचा राजा पडला, फौज कापली गेली. तेव्हापासून त्या दिवशी, त्या लढाईत आणि पुढच्या सगळ्या लढायांत जे गेले त्यांची नावं घ्यायची, मेणबत्त्या लावायच्या, आणि शिजवलेले गहू बारीक करून साखर-अक्रोड घालून वाटायचे.

"लड़ाई किससे थी?" रफीकभाईंनी विचारलं.

"तुर्कों से."

मी मनात म्हटलं, झालं. रफीकभाईंनी मशीनचं भांडं पुसलं, गहू आत घातले आणि म्हणाले, "छह सौ साल पुराना झगड़ा है भाभी, मेरी मशीन नई है. चलो, पकड़ो नीचे."

नवरा गेल्यापासून वहिनीला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मोठ्याने हसली. दुकानाबाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. गिरणी उघडली तर समोर अंगणात दोऱ्याच दोऱ्या, आणि दोऱ्यांवर घरातलं झाडून सगळं कापड. चादरी, पडदे, साड्या, हरेश्वरदादाचे शर्ट, कारखान्यातला ग्रे, म्हणजे बिनधुतल्या कोऱ्या कापडाचा तागा, म्हातारीची लुगडी, आणि तिच्या आईने मागावर विणलेली लाल-काळी जाड घोंगडी. सगळं निथळत होतं. मी छत्री घेऊन धावत गेले. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

"वहिनी, कापड भिजतंय!"

"दिसतंय मला."

त्यांची रीत अशी की विदोव्दानला सूर्य उगवायच्या आत घरातलं सगळं कापड बाहेर काढायचं. सूर्याने ते बघायचं. मग वर्षभर कसर लागत नाही, वाळवी लागत नाही. तिकडे जूनमध्ये कडक ऊन असतं. इकडे काय असतं ते भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"अहो, पण सूर्य कुठाय?"

"त्येचं त्यो बघंल. मी माजं काडलं."

हरेश्वरदादा होता तोवर हे सगळं घराच्या आत चालायचं, खिडक्या उघडून. तो म्हणायचा, लोक हसतील. तो गेला आणि वहिनीने दोऱ्या बाहेर बांधल्या. लोक हसले. तिने हसणाऱ्यांच्या हातावर गव्हाचा एकेक लाडू ठेवला आणि ते खाऊन संपेपर्यंत समोर उभी राहिली. तोंडात घास असताना हसता येत नाही.

माझ्याही हातावर ठेवला. मी म्हटलं, दुधात शिजवले असते तर खीर झाली असती. म्हणाली, उपास हाय, दूध चालत न्हाय. मी म्हटलं, आमच्यात उपासाला गहू चालत नाहीत आणि दूध लागतंच. यावर आमची बरीच जुंपली. दोघींनाही दुसरीचा उपास म्हणजे शुद्ध चैन वाटत होती.

परातीत वाळू भरून तिने बारक्या मेणबत्त्या रोवल्या होत्या, ओसरीवर. नावं घेताना ती उभी राहायची. आजोबा, आजोबांचे दोन भाऊ, गावातले कोण कोण, मग भाऊ. आवाज रडका नाही. शाळेत हजेरी घेतात तसा. आणि शेवटी, हरेश्वर.

मोरूदादा दारात उभा होता. तो तापला. "माजा भाव काय लढाईत मेला? त्येचं आमी वर्षश्राद्ध करू, रीतसर. तू त्येला त्या लोकांत कंला घुसवतंस?"

"तीस वर्सं लूमपुढं उभा व्हता," वहिनी म्हणाली. "धूळ खाऊन मेला. तुला ती लढाई दिसली न्हाय, कारन तू मागं शेतात झोपला व्हतास."

"आनि परसाद कसायाच्या मशीनमदनं काढून आनलास!"

"मग कुठं नेऊ? तुज्या तोंडात घालून चावून घेऊ?"

मी गिरणीत परत आले. दिराभावजयीच्या भांडणात उभं राहायचं नसतं, पण ऐकू येईल इतक्या अंतरावर असायला हरकत नाही. त्या दिवशी दुपारी लाइट गेली. लोडशेडिंग. शेजारच्या घरातून कुणी तरी मेणबत्ती मागायला आलं. परातीत डझनभर जळत होत्या. वहिनी म्हणाली, "ह्या मेलेल्यांच्या हाईत. तुमी जिते हाव, दुकानात जा."

पुढे धंदा बसला. गावात एकेक कारखाना बंद पडू लागला, लूम भंगारात जाऊ लागले. वहिनीचेही गेले. दापोड्यापासून आमच्यापर्यंत शेतांची गोडाऊनं झाली. मोरूदादानेही ठरवलं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. भातशेतीत काय उरत होतं? पण अंगणातून गाड्या न्यायला वहिनीची संमती हवी होती, कारण निम्मं अंगण हरेश्वरदादाचं. तो विचारायला आला तेव्हा मी पिठाचा डबा द्यायला तिथेच गेले होते.

"ने गाड्या," वहिनी म्हणाली. "वर्सभर तुजं. विदोव्दान माजा. त्या दिवशी चाकसुद्धा फिरनार न्हाय."

"एक दिवस ना? ठीक हाय, चालंल."

"चालंल न्हाय. हो म्हन."

"हो," मोरूदादा म्हणाला.

कागद वगैरे काही झाला नाही. घरातल्या घरात कोण कागद करतं?

गोडाऊन बांधून झालं, आणि उद्घाटनाचा मुहूर्त भटजीने काढला तो अठ्ठावीस जून. मोरूदादाने भटजीला काही सांगितलं नाही. भाडेकरू कंपनीचे साहेब येणार, गावातले पुढारी येणार, बेंजो पार्टी बोलावलेली, स्पीकरच्या भिंती उभ्या केलेल्या. वहिनीच्या दोऱ्या अंगणात, आणि दोऱ्यांपलीकडे मांडव. बेंजोवाल्यांनी सुरुवात केली. विदोव्दानला गाणं नाही, नाच नाही. तिकडे गाणी म्हणणारे लोकही त्या दिवशी गप्प बसतात, असं ती सांगायची.

वहिनी मांडवात गेली नाही. बंद पडलेल्या कारखान्यात गेली. स्पीकरची वायर तिथल्या मीटरवरून ओढली होती, आणि मीटर हरेश्वरदादाच्या नावावर. एकाएकी सगळं शांत झालं. नुसता पावसाचा पत्र्यावरचा आवाज. वहिनी बाहेर आली. फ्यूज तिच्या शर्टाच्या खिशात होते.

मोरूदादा धावत आला. पाहुण्यांसमोर मोठ्याने बोलताही येईना. "वहिनी, इज्जतीचा प्रश्न हाय. फ्यूज दे."

"माज्या बी इज्जतीचा हाय."

"अगं, हरलेल्या लढाईचा कसला दिवस करतंस! आमी जिकलेल्याच्या मिरवनुका काडतो."

"जिकलेला दिवस कोनबी करतो," वहिनी म्हणाली. "बेंजो लावला की झाला. हरलेला दिवस करायला दम लागतो. तुज्यात हाय काय?"

पुढाऱ्याने फीत कापली ती पावसाच्या आवाजात. भाषण माइकशिवाय झालं, त्यामुळे लवकर आटोपलं. जाताना पाहुण्यांपैकी एक जण मला म्हणाला, असा सुटसुटीत कार्यक्रम बऱ्याच दिवसांनी बघितला.

आम्हा बायकांना ती त्या दिवशी अजून एक काम लावायची. विदोव्दानला बाईने हातात सुई घेऊन नव्या कामाचा निदान एक टाका घालायचा, म्हणजे वर्षभर हात चालतो. मला शिवण येत नाही. शाळेत बाईंनी माझा रुमाल वर्गात फिरवून दाखवला होता, कसा असू नये म्हणून. तरी वहिनीने धरून बसवलं. मी टाका घातला. तिने बघितला, उसवला आणि सुई परत माझ्या हातात दिली. तीनदा. आणि तुळशीच्या पाण्याने डोळे धुवायला लावायची. तिकडे त्या दिवशीची एक वेगळी वनस्पती असते, इकडे मिळेना म्हणून तुळस. नजर साफ होते म्हणे. त्या वर्षी राहनाळमध्ये निम्म्या गावाचे डोळे आले होते, तुळशीवाल्यांचे आणि बिनतुळशीवाल्यांचे सारखेच. हे मी तिला सांगितलं. म्हणाली, "बग, डोळं आल्याबिगर तुला दिसलं न्हाय."

पण खरी लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी, २००६ ला.

सकाळची वेळ. दोऱ्या बांधून झाल्या होत्या. घरापासून कारखान्यापर्यंत, वाटेच्या बरोबर आडव्या. गोडाऊनवाल्या कंपनीला तातडीने माल उचलायचा होता. नाक्याकडून तीन कंटेनर एकामागे एक येऊन उभे राहिले. पहिल्याचं नाक चादरीला टेकायला आलं होतं. सुपरवायझर उतरला, टाय लावलेला, बूट चिखलात. त्याने मोरूदादाला बोलावलं. मोरूदादाने वहिनीला. ती खुर्ची टाकून दोऱ्यांच्या पुढेच बसली होती.

"वहिनी, एकच दिवस. कंपनी माल दुसरीकडं हलवंल. गोडाऊन रिकामं पडंल माजं."

"तू हो म्हनला व्हतास."

"म्हनलू, पन तवा..."

"तवा काय? तवा मी मरंन असं वाटलं व्हतं?"

सुपरवायझर मध्ये पडला. "मॅडम, ये सब अंदर ले लीजिए, दस मिनट का काम है."

वहिनीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पहिल्या कंटेनरचा ड्रायव्हर, पिकल्या दाढीचा, खिडकीतून वाकून म्हणाला, "अम्मा, आज है क्या?"

"मेरे मरे हुए लोगों का दिन है."

"बरसी है?"

"हाँ. सबकी."

त्याने इंजिन बंद केलं. सुपरवायझर ओरडला, "बंद क्यों किया? आगे लो!" ड्रायव्हर खाली उतरला. "साहब, किसी की बरसी के कपड़े पर गाड़ी नहीं चढ़ाऊँगा. आप चढ़ा लो. चाबी लगी है." साहेबांना गाडी येत नव्हती. मागच्या दोघांनीही मग हॉर्न थांबवले.

मोरूदादाचा तोल गेला. तो तरातरा दोरीकडे आला, गाठीला हात घातला. वहिनी खुर्चीतून उठली नाही.

"सोड दोरी," ती म्हणाली. "पन पैल्या दोरीवर तुज्या आईची लुगडी हाईत. गाठ सुटली की चिखलात पडतील. उचलाला मी येनार न्हाय."

मोरूदादाने वर बघितलं. हिरवं लुगडं, जांभळं लुगडं. पावसाने जड होऊन लोंबत होती. आई जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. ती लुगडी आईची आहेत, हे इतक्या वर्षांत त्याने कधी नीट बघितलं असेल असं मला नाही वाटत. वहिनीने ती दरवर्षी धुऊन, डांबरगोळ्या घालून ठेवलेली.

त्याचा हात गाठीवर तसाच राहिला. मग त्याने तो खाली घेतला.

"संध्याकाळी तरी?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी."

ड्रायव्हर लोक ओसरीवर बसले. वहिनीने त्यांना गहू दिले, काळी कॉफी दिली. ती कॉफी कुणालाच गेली नाही, पण समोर ती उभी होती म्हणून सगळ्यांनी संपवली. मोरूदादाने गहू घेतले नाहीत. पण दिवसभर तो गाड्यांपाशी उभा राहिला आणि कंपनीचे फोन स्वतः घेतले. गोडाऊन रिकामं पडलं नाही. कंपन्या अशा एका दिवसाने जात नसतात, जाणार म्हणतात एवढंच.

वहिनीचा शेवटचा विदोव्दान गेल्या वर्षीचा. पायांना सूज होती, चार पावलं टाकली की धाप लागायची. डॉक्टरांनी उठू नका म्हणून सांगितलं होतं. आदल्या दिवशी मी विचारलं, यंदा खिडक्या उघडून आतल्या आत करू या का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. पहाटे जाऊन मी दोऱ्या बांधल्या. ती खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. "ही ढिली. परत बांध. ती चादर उलटी घातलीस. सूर्यानं काय शिवन बघायची?" सूर्य त्या दिवशीही कुठे नव्हता. नावं तिने बसूनच घेतली, पण आवाज तोच, हजेरीचा.

संध्याकाळी गोडाऊनचा नवा सुपरवायझर विचारायला आला, आता दोऱ्या काढल्या तर चालेल का. वहिनीने पश्चिमेकडे बघितलं. नुसते ढग. "अजून हाय तो," ती म्हणाली. मावळल्याशिवाय काढायचं नसतं. माणूस मुकाट्याने परत गेला.

मी गिरणी बंद करायला निघाले. फाटकाशी पोचल्यावर मागे वळून बघितलं. तिच्या आईची ती जाड घोंगडी पाणी पिऊन इतकी जड झाली होती की दोरी खाली आली होती आणि टोक चिखलाला टेकायला आलं होतं. वहिनीला उठता येत नव्हतं. तिने बसल्या बसल्या ते टोक दोन्ही हातांत उचलून मांडीच्या वर धरलं होतं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. मला हाक मारली नाही. समोर वाटेकडे बघत बसली होती, कुणी गाडी आणतोय का ते.

सप्टेंबरमध्ये ती गेली. मोरूदादाने सगळं रीतसर केलं, अग्नी, दहावं, तेरावं, कशात कमी ठेवली नाही. तेराव्याला जेवताना तो एकदा ताटावरून उठून मागच्या दारी गेला होता आणि बऱ्याच वेळाने आला.  

म्हणून सत्तावीस जूनला तो गिरणीच्या दारात येऊन म्हणाला, आता कसला अठ्ठावीस, तेव्हा मला त्याचा राग आला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. माझं त्या लढाईत कुणी मेलेलं नाही. तो देश कुठे आहे हे मला नकाशावर दाखवता येणार नाही. मी दगडाची टाकी पुरी केली, पट्टा चढवला, मूठभर तांदूळ घालून गिरणी फिरवून बघितली. दगड बरोबर बसला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठले. घरातल्या चादरी, पडदे, नवऱ्याचे लेंगे, माझ्या साड्या, गिरणीची पीठ पडायची कापडी नळी, असं जे हाताला लागलं ते टोपलीत भरलं. नवऱ्याने विचारलं, एवढं धुतलंस कधी? धुतलं नाही, म्हटलं. समोरच्या अंगणात गेले. घराच्या खांबापासून बंद कारखान्याच्या जाळीपर्यंत, वाटेवर आडवी दोरी ओढली आणि गाठ मारली. गहू वगैरे केले नव्हते, मेणबत्त्याही नव्हत्या. ते माझ्याच्याने होण्यातलं नाही. पाऊस लागला होता.

सातला पहिली गाडी फाटकात आली. मोरूदादा छत्री घेऊन बाहेर आला आणि दोरीपाशी थांबला.

"सुमन, तुजं कोन हाय ह्यांच्यात?"

वहिनी घ्यायची त्यातलं एकच नाव मला नीट येत होतं, हरेश्वर. दुसरं तिचं स्वतःचं, जे तिने कधी घेतलं नाही. इंजिनाचा आवाज बराच होता. मी त्याच्यावर आवाज चढवून दोन्ही नावं घेतली.

"गाड्या उद्या, मोरूदादा," मी म्हणाले, आणि पुढची चादर दोरीवर टाकली.